रेफर केलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, ते आम्हाला कळवा

प्रति,
शल्यचिकित्सा विभागप्रमुख,
महाराष्ट्रातील सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये

विषय : रेफर होऊन आलेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबत पाठवणाऱ्या डॉक्टरांना लेखी उत्तर मिळण्याबाबत

सर, मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी सर्जन आहे. हे पत्र निधी, पदभरती किंवा यंत्रसामग्री मागण्यासाठी नाही. त्या मागण्या आम्ही दुसऱ्या टेबलावर करतो आणि करत राहू. आपल्याकडे मागायची गोष्ट सर्वस्वी आपल्या हातात आहे. आम्ही पाठवलेल्या पेशंटच्या पोटात शेवटी काय निघालं, ते चार ओळींत आम्हाला लिहून पाठवा.

१०८ची गाडी फाटकाबाहेर पडली की आमच्यापुरती ती केस तिथेच थांबते. रेफरल स्लिप आपल्या कॅज्युअल्टीत केस पेपरला टाचली जाते. पुढे सीटी होतो, ऑपरेशन होतं, बायोप्सीचा रिपोर्ट येतो, युनिटमध्ये चर्चा होते, रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) त्यावरून शिकतो. ज्या एमओने (मेडिकल ऑफिसरने) रात्री दोन वाजता त्या पोटावर पहिला हात ठेवला होता, त्याच्यापर्यंत यातलं काहीही पोचत नाही. नातेवाइकांना फोन लावला तर ‘ऑपरेशन झालं, आतडं खराब होतं म्हणाले’ एवढं कळतं. बऱ्याचदा तोही लागत नाही.

अपेंडिक्स, हर्निया, अल्सरचं परफोरेशन (छिद्र पडणं) यांत याने फार बिघडत नाही. ते आजार आम्ही रोज बघतो, उघडतो आणि उघडून शिकतो. प्रश्न दुर्मिळ आजारांचा आहे. एकेक आजार घेतला तर तो एखाद्या सर्जनला आयुष्यात दोन-चारदाच भेटतो. पण सगळ्यांची मोट बांधली तर दर महिन्याला त्यातला कोणी ना कोणी आमच्या दारात असतो. त्याला ओळखायची पहिली संधी आम्हाला मिळते आणि पुष्कळदा तीच उपयोगाची असते.

एक केस जरा सविस्तर सांगतो. सत्तरी ओलांडलेली, अगदी किडकिडीत आजी. तीन दिवस उलट्या, पोट फुगलेलं, शौचाला नाही. पोटावर कुठे जुन्या ऑपरेशनचा व्रण नाही, दोन्ही जांघा तपासल्या तर गाठ नाही. त्याआधी कित्येक आठवडे गुडघ्यासाठी गोळ्या चालू होत्या. पोटाबद्दल विचारलं तरी आजी हात मांडीच्या आतल्या बाजूवरून गुडघ्यापर्यंत फिरवायच्या आणि म्हणायच्या, ‘मांडी दुखस.’ पाय किंचित दुमडून ठेवला की बरं वाटे. सरळ करून, बाहेर नेऊन आत वळवला की त्या कळवळून हात धरत. बरोबर नुकतेच रुजू झालेले दोन एमओ होते. दोघांनाही मी तो पाय हळूच तपासायला लावला, कारण ही खूण पुस्तकात सगळे वाचतात, हाताला फार थोड्यांच्या लागते.

ऑब्च्युरेटर हर्नियाची ही हाउशिप-रॉम्बर्ग खूण. ओटीपोटाच्या हाडातल्या ज्या चिंचोळ्या वाटेने ऑब्च्युरेटर नस मांडीत उतरते, ती वाट एरवी चरबीने बुजलेली असते. वय वाढलं, वजन उतरलं, अनेक बाळंतपणं झालेली असली की ती मोकळी होते आणि आतड्याची एक घडी तिच्यात शिरते. गाठ स्नायूंच्या खाली दडलेली, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. नस दाबली गेली की दुखतं ते मांडीत आणि गुडघ्यात. अनेकदा आतड्याची फक्त एक बाजू अडकते, म्हणून ऑब्स्ट्रक्शन (आतड्यातला अडथळा) कधी पुरतं, कधी अर्धवट वाटतं आणि दिवस जातात. फ्रान्समध्ये आर्नो द रोंसिलने १७२४ मध्ये हा हर्निया वर्णन केला, तो यशस्वीपणे दुरुस्त झाल्याची पहिली नोंद हेन्री ओब्रेच्या नावावर १८५१ची आहे. आज सीटीवर तो काही मिनिटांत दिसतो. पण सीटीपर्यंत पोचायला कुणाच्या तरी मनात आधी शंका यावी लागते. व्रण नसलेल्या, जांघ मोकळी असलेल्या, कृश म्हाताऱ्या बाईला ऑब्स्ट्रक्शन झालं तर मांडीबद्दल विचारायचं, एवढी साधी सवय पुरते.

त्या रात्री आमच्याकडे भूलतज्ज्ञ नव्हते. सलाइन, नळी, कॅथेटर, अँटिबायोटिक देऊन आजींना पाठवलं आणि स्लिपवर संशय स्पष्ट लिहिला. काही आठवड्यांनी मुलगा त्यांना घेऊन टाके दाखवायला आला. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं : ‘इंटेस्टायनल ऑब्स्ट्रक्शन, एक्स्प्लोरेटरी लॅपरोटॉमी.’ म्हणजे आतड्यात अडथळा, पोट उघडून पाहिलं. बस. आजी स्वतःच्या पायांनी चालत आल्या, याहून मोठं काही नाही, आणि त्यासाठी ज्या युनिटने रात्र जागवली त्याचे आम्ही मनापासून ऋणी आहोत. पण हर्निया होता का? कुठल्या बाजूला? आतडं कापावं लागलं का? की लहान आतड्यात पित्ताचा खडा अडकला होता, की गाठ होती? त्या दोन एमओंनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘होय, ऑब्च्युरेटरच होता’ एवढं त्यांना सांगता आलं असतं तर ती खूण जन्मभर त्यांच्या बोटांत राहिली असती. ‘नाही, दुसरंच निघालं’ हेही तेवढंच मोलाचं होतं.

याहून भीषण उदाहरण आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचं आहे, अक्यूट मेसेंटेरिक इस्केमियाचं. पेशंट वेदनेने गडबडा लोळतो आणि पोट दाबावं तर मऊ. नेमकी ही विसंगतीच या आजाराची सुरुवातीची खूण. नाडी अनियमित असेल, हृदयाच्या झडपेचा जुना आजार असेल, तर गुठळी सुटून आतड्याच्या मुख्य धमनीत बसल्याचा संशय लगेच यायला हवा. धमनी पुरती बंद झाली तर साधारण सहा तासांत आतडं परत न येण्याच्या वाटेला लागतं. पोट कडक होतं तेव्हा पुष्कळदा आतडं मेलेलं असतं. रक्तातलं लॅक्टेट, जे अशा वेळी वाढतं, सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतं. क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी काॅन्ट्रास्ट सीटी अडवून ठेवणं इथे परवडत नाही. एवढं करूनही निम्म्याहून अधिक पेशंट दगावतात असा जगभरचा अनुभव आहे.

आता ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर डोळ्यांसमोर आणा. त्याने मऊ पोट पाहिलं, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, तीन-चार तासांनी दुखणं थांबेना म्हणून पाठवलं. पेशंट आपल्याकडे दुसऱ्या दिवशी गेला. आपण पोट उघडलं तेव्हा काळं आतडं पाहिलं. त्या डॉक्टरला मात्र हे कधीच कळलं नाही. त्याच्या लेखी ती ‘पोटदुखी, रेफर’ एवढीच नोंद. पुढच्या वर्षी तसंच मऊ पोट, तशाच किंकाळ्या त्याच्यासमोर येतील तेव्हा तो वेगळं वागेल अशी अपेक्षा आपण कुठल्या आधारावर करायची? तो हुशार आहे, मन लावून काम करणारा आहे. त्याच्या निर्णयाचा निकालच त्याला कुणी दाखवलेला नाही.

नेक्रोटायझिंग फॅसायटिसमध्ये, म्हणजे कातडीखालचा थर झपाट्याने सडवणाऱ्या जंतुसंसर्गात, मला लागणारी माहिती आणखी बारीक असते. पायात काटा रुतला, वर कसला तरी पाला बांधला, मधुमेह आहे हे माहीतच नाही, असा शेतकरी येतो. लाली थोडी आणि दुखणं लालीच्या पलीकडे पसरलेलं. मग तोच भाग बधिर होतो, फोड येतात, कधी बोटाखाली कुरकुर लागते. २००४ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी रक्ताच्या सहा तपासण्यांवरून मांडलेला लरिनेक स्कोअर आम्हीही वापरतो, पण तो कमी आला म्हणून निर्धास्त राहिलं तर पेशंट गमावले जातात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. शंका असेल तर दोन सेंटिमीटरची चीर घेऊन बोट घालायचं : रक्त येत नाही, भांडी धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ पाणी येतं आणि बोट फॅशियावरून (स्नायूंवरच्या पापुद्र्यावरून) विनाअडथळा पुढे सरकतं. या आजारात रेफर करणं म्हणजेच उशीर, असं माझं ठाम मत आहे. म्हणून भूल मिळाली तर पहिलं डिब्राइडमेंट (सडलेला भाग कापून काढणं) आम्ही इथेच करतो आणि आयसीयूसाठी मग आपल्याकडे पाठवतो. दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर तो पाय पुन्हा उघडला गेला तेव्हा मी कापलेल्या कडेच्या पलीकडे किती कापावं लागलं? चार बोटं की गुडघ्याच्या वर? कल्चरमध्ये कोणते जंतू वाढले? पाय राहिला का? माझा हात पुढच्या वेळी किती पुढे जायला हवा, हे जगात फक्त आपलं ते युनिट सांगू शकतं.

काही पोटं उघडायची नसतात, तिथेही हेच. आमच्या भागात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या क्रायसिसमध्ये (वेदनेच्या झटक्यात) पोट असं दुखतं की अनुभवी माणूसही चाकूकडे वळावा, आणि त्याच पेशंटला खरोखरचं अपेंडिसायटिसही होऊ शकतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळ येते, उलट्या होतात, अंगावर दंशाची खूण सापडत नाही. काही वेळाने पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही. त्याला मण्यार साप चावलेला असतो. आमच्या सिस्टर पहाटेच्या पोटदुखीत आधी पापण्या बघतात. शहरातल्या कॅज्युअल्टीत नवख्या इंटर्नला हे सुचेलच असं नाही. म्हणजे उत्तरांची ये-जा सुरू झाली तर शिकवणं एकाच दिशेने होणार नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाचे पेशंट रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला आणि ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगाने वाचलं. त्यांना हे जमलं, याचं एक कारण असं की त्यांचे पेशंट शेवटपर्यंत त्यांच्या नजरेसमोर होते. आमचे पेशंट निम्म्या वाटेवर नजरेआड होतात.

आणखी एक अडचण पेशंट परत आल्यावरची. वरचेवर पोट फुगणारी, वजन उतरलेली एखादी मुलगी आपल्याकडे जाते. आत सगळं लहान आतडं जाड पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेलं निघतं. १९७८ मध्ये फू यांनी किशोरवयीन मुलींमधल्या या प्रकाराला अब्डॉमिनल कोकून हे नाव दिलं. आपल्या देशात त्यामागे क्षयरोग हे मोठं कारण आहे. आपण तासन् तास बसून तो पापुद्रा सोडवता, आतडं न कापता वाचवता, क्षयाची औषधं सुरू करता आणि मुलगी गावी येते. सहा महिन्यांनी तिला पुन्हा उलट्या झाल्या तर ती माझ्याकडे येणार. पापुद्रा पूर्ण निघाला होता का, कुठे छिद्र पडून शिवलं होतं का, बायोप्सीत क्षय सिद्ध झाला की अंदाजाने औषधं दिली, हे मला माहीत नसेल तर तिला थांबून वाट बघत सांभाळायचं की हलवायचं, हे मी कशावरून ठरवू? अशा पोटात दुसऱ्यांदा शिरणं काय असतं ते आपण जाणता. हायडॅटिड या कृमीच्या गाठीचंही तसंच. मेंढपाळांच्या, कुत्रा पाळणाऱ्या घरांतून यकृतातली ही गाठ येते. ऑपरेशनच्या वेळी द्रव सांडला होता का आणि अल्बेंडाझोल किती महिने द्यायचं, हे कार्डावर नसेल तर औषध मध्येच सुटतं.

‘पाठपुरावा ठेवा’ हे सांगणारा पहिला मोठा सर्जन बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचं, किमान वर्षभराने त्याचं काय झालं ते बघायचं आणि बरा झाला नसेल तर का नाही ते लिहायचं, एवढीच त्याची मागणी होती. मोठ्या इस्पितळाने ती मानली नाही. त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ पेशंटांमध्ये आपल्याकडून झालेल्या १२३ चुका छापून जाहीर केल्या. त्याची व्यावसायिक घडी विस्कटली. शंभर वर्षांनंतर आपण सगळे त्याचंच म्हणणं शिकवतो, आणि आपल्या विभागांत मृत्यू-आढावा बैठका होतात त्या त्याच विचारातून आलेल्या. त्या बैठकीत ज्या केसवर ‘रेफर करायला उशीर झाला’ असा शेरा पडतो, तो शेरा उशीर करणाऱ्याच्या कानावर कधी जातो का?

जातो, पण वेगळ्या वाटेने. रेफर केलेल्या पेशंटबद्दल खालच्या डॉक्टरला येणारं एकमेव पत्र म्हणजे खुलासा मागणारी नोटीस, नाहीतर तक्रारीची प्रत. त्यामुळे वरून कागद आला की लोक घाबरतात. मी मागतोय तो कागद तसा नको. त्यात दोष नको, ताशेरे नकोत, पुढे कुणाला कॉपी नको. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेल्या चार ओळी हव्यात : काय सापडलं, काय केलं, बायोप्सी काय आली, आता तुम्ही काय बघायचं. आणि पेशंट दगावला असेल तर तेही लिहा. ते वाचायला जड जाईल, तरीही लिहा.

आपले रेसिडेंट कामाखाली पिचलेले आहेत, हे मी त्याच वॉर्डांतून आलो असल्याने जाणतो. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादावं असं मला वाटत नाही. अपेंडिक्सची उत्तरं नकोत. ज्या केसमध्ये निदान अनपेक्षित निघालं, जिथे रेफरचा संशय आणि ऑपरेशनमधलं सत्य यांत फरक पडला, किंवा जिथे मृत्यू झाला, तेवढ्याच कळवा. एका युनिटमागे आठवड्याला त्या फार नसतील. ऑपरेशन नोट्स तशाही लिहिल्या जातात. पेशंटची संमती घेऊन, नावाऐवजी रेफरल स्लिपचा क्रमांक टाकून त्यातल्या चार ओळी पाठवता येतील. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पेशंटच्या चेहऱ्यासकट फोटो फिरतात, त्यापेक्षा ही पद्धत कितीतरी सभ्य.

यासाठी लागणारी माणसंही आपल्याकडे आहेत. २०२१च्या बॅचपासून एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राममध्ये तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. बऱ्याच ठिकाणी हे तीन महिने कसेबसे भरले जातात, दोन्ही बाजूंना त्यांचं ओझं वाटतं. त्या रेसिडेंटकडे हे काम सोपवा. येताना त्याने आमच्या भागातून गेलेल्या अवघड पेशंटांची माहिती घेऊन यावं, आमच्या एमओंसमोर ती मांडावी, सीटीच्या फिल्म दाखवाव्यात. जाताना आम्ही पहिल्या तासांत काय पाहिलं ते त्याने आपल्याकडे न्यावं. महिन्यातून एकदा तासभर व्हिडिओवर बसायला आमची पूर्ण तयारी आहे. वेळ आपण ठरवा, ओपीडी आम्ही सांभाळून घेऊ.

आमच्या बाजूनेही सुधारायला हवं. ‘अक्यूट अब्डोमेन, पुढील उपचारासाठी रेफर’ अशी स्लिप पाठवून आम्ही सविस्तर उत्तर मागू शकत नाही. माझ्या रुग्णालयात नवी स्लिप सुरू करतोय : दुखणं सुरू झाल्याची वेळ, आम्ही पहिल्यांदा पाहिल्याची वेळ, त्या वेळी पोट कसं होतं आणि निघताना कसं होतं, शेवटची लघवी, दिलेली औषधं वेळेसकट, आणि खाली ठळक अक्षरांत आमचा संशय. संशय लिहिणं सक्तीचं, ‘कारण अस्पष्ट’ लिहायला जागा नाही. स्लिपच्या तळाशी तुटक रेघ मारून रिकामा भाग ठेवलाय, त्यावर आमचा पत्ता, फोन आणि ईमेल छापलेला आहे. तो भाग फाडून, नाहीतर त्याचा फोटो काढून परत पाठवला तरी पुरे.

पुढच्या महिन्यापासून या स्लिपा आपल्या कॅज्युअल्टीत येऊ लागतील. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना आणि युनिटच्या रेसिडेंटना तो खालचा भाग दाखवून ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक शल्यचिकित्सक,
उपजिल्हा रुग्णालय, खानदेश